ड्रॉपडाउनमधली तुळई

स्ट्रक्चरल ॲनालिसिसचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. स्टाड घ्या, ईटॅब्स घ्या, नाहीतर आर्किटेक्ट मंडळींचं लाडकं कारंबा घ्या. सगळ्यांत दोन छोटे ड्रॉपडाउन असतातच. एकात सेक्शन निवडायचा, दुसऱ्यात मटेरियल. बाकीचा पसारा (लोड, सपोर्ट, त्या लाल-निळ्या आकृत्या) दिसायला झकास असतो आणि ट्युटोरियलचा सगळा वेळ त्यातच जातो. या दोन ड्रॉपडाउनपाशी मात्र कोणी अर्ध्या मिनिटाच्या वर थांबत नाही. आता माझं मत विचाराल तर इमारत धड उभी राहणार की नाही, हे बरंचसं त्या अर्ध्या मिनिटातच ठरतं.

गेले काही शनिवार मी या दोन ड्रॉपडाउनच्याच मागे लागलेय. कारंबासोबत चालेल असा एक छोटा प्लगइन लिहायचा घाट घातलाय. आपल्याकडचे सेक्शन आपल्या तक्त्यांप्रमाणे द्यायचे, आणि कोणी काही विचित्र भरलं तर ओरडायचं, एवढंच त्याचं काम. डिग्री सिव्हिलची आणि नोकरी आयटीतली, म्हणजे आमच्या बॅचमधल्या अर्ध्या लोकांसारखीच गत. त्यामुळे हा उद्योग माझ्यासाठी माहेरी गेल्यासारखा आहे :)

ज्यांना कारंबा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राइनो हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर. त्याच्या आत ग्रासहॉपर, ज्यात कोड न लिहिता डबे तारांनी जोडत जोडत प्रोग्राम बनवायचा. आणि त्या ग्रासहॉपरमध्ये बसणारा कारंबा, जो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स प्रायझिंगर यांनी बोलिंगर-ग्रोमान या इंजिनिअरिंग फर्मच्या साथीने तयार केला. गंमत अशी की यात स्लायडर सरकवला की छताचा आकार बदलतो आणि त्याच क्षणी ते किती वाकेल हेही दिसतं. पूर्वी आर्किटेक्टने चित्र काढायचं, इंजिनिअरने आठवड्याने "असं होणार नाही" म्हणायचं, असा खेळ चालायचा. तो आठवडा कारंबाने काढून टाकला. त्यासोबत इंजिनिअरची नजर फिरायची तो वेळही गेला, पण ते असो.

आता सेक्शन म्हणजे काय ते बघू. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात काटछेद असायचा ना, डोंगर सुरीने कापल्यासारखा? तसाच तुळईचा. कापल्यावर जो आकार दिसतो तो सेक्शन. सॉफ्टवेअरला खरं तर तो आकारही नको असतो. त्याला हवे असतात चार-सहा आकडे. क्षेत्रफळ, दोन दिशांचे मोमेंट ऑफ इनर्शिया, पिळाला विरोध किती याचा एक आकडा, असं. तुम्ही स्क्रीनवर बघता ती तुळई जाडजूड असली तरी आतल्या गणितात ती एक रेघच असते, आणि त्या रेघेच्या खिशात हे आकडे असतात. खिशात भलते आकडे असले तर रेघेला पत्ता लागत नाही.

मोमेंट ऑफ इनर्शिया हे नाव ऐकून बिचकू नका. फूटपट्टी घ्या. आडवी धरून दाबा, लगेच वाकते. तीच उभी धरून दाबा, ढिम्म हलत नाही. प्लास्टिक तेच, वजन तेच. फरक फक्त माल कुठे आहे याचा. आयताकृती तुळईची उंची दुप्पट केली की वाकण्याला विरोध आठपट होतो. जुन्या वाड्यांमधल्या सुतारांना हे घन-बिन माहीत नसेल, पण सागाची तुळई रुंदीवर न ठेवता उंचीवर ठेवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लोखंडाच्या आय सेक्शनमध्ये हीच युक्ती टोकाला नेलेली असते. सगळा माल वर आणि खाली, मध्ये पातळ पोट. आपल्याकडचा आयएसएमबी ३०० घ्या, ज्याला दुकानात नुसतं 'तीनशेचा गर्डर' म्हणतात. १९६४ च्या एसपी ६ हँडबुकप्रमाणे त्याचं वजन मीटरला ४४.२ किलो. उभ्या दिशेचा मोमेंट ऑफ इनर्शिया साधारण ८६०४, आडव्या दिशेचा साधारण ४५४ (दोन्ही सेंटीमीटरच्या चौथ्या घातात). म्हणजे एकोणीस पट फरक!

हिशेब करून बघू. सहा मीटरचा गाळा, दोन टोकांना टेकलेला गर्डर, मीटरला २० किलोन्यूटन भार. उभा ठेवला तर मधोमध १९.६ मिमी खाली येतो. गाळा भागिले ३०० ही मर्यादा धरली तर २० मिमी चालतात, म्हणजे काठावर पास. आता तोच गर्डर मॉडेलमध्ये ९० अंश फिरला असं समजा. उत्तर येतं ३७० मिमीच्या वर, सव्वा फुटाच्या आसपास. प्रत्यक्षात एवढं वाकायच्या कितीतरी आधी तो कायमचा कामातून गेलेला असेल, पण साधं लिनिअर ॲनालिसिस असल्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालत नाही. ते शांतपणे सव्वा फूट दाखवतं.

सव्वा फूट दिसला तर कोणालाही कळेल, खरंय. खांबांमध्ये मात्र हे सहज लपतं. आडव्या तुळईला वर-खाली म्हणजे काय हे सॉफ्टवेअरला कळतं, कारण जमीन कुठे आहे हे त्याला माहीत असतं. पण खांब सरळ उभाच असेल तर त्याचा 'पुढा' कुठे? काहीतरी नियम ठरवावा लागतो. कारंबात नियम असा, की सेक्शनचा वाय अक्ष जमिनीला समांतर ठेवायचा, आणि सदस्य अगदी उभा असेल तर तो जगाच्या वाय अक्षाला समांतर धरायचा. म्हणजे काय झालं? एखादा खांब केसभर कलला की त्याला पहिला नियम लागू होतो आणि ओळंब्यात असला की दुसरा. दोन नियमांची उत्तरं प्रत्येक वेळी सारखी येतीलच असं नाही. तुम्ही स्लायडरने छत किंचित तिरकं करता, चोवीस खांबांपैकी सहा खांब केसभर कलतात, आणि तेवढ्याच खांबांचे आय सेक्शन मॉडेलमध्ये गुपचूप वळून बसू शकतात. स्टाड वापरणाऱ्यांना 'बीटा ९०' आठवत असेल, तीच भानगड. यावर उपाय एकच. सेक्शन जाडीसकट काढून बघायचे आणि खांबाखांबाभोवती फिरायचं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा इलाज मला अजून सापडलेला नाही.

आता दुसरा ड्रॉपडाउन, मटेरियल. इथे एक गैरसमज इतक्या जणांकडून ऐकलाय की सांगायलाच हवा. वर आपला गर्डर १९.६ मिमीवर काठावर पास झाला होता. समजा वरच्या मजल्यावर तडकणाऱ्या टाइल्स आहेत म्हणून गाळा भागिले ३६० ही मर्यादा आली, म्हणजे १६.७ मिमी. झाला नापास. मग काय करतात? "चांगल्या ग्रेडचं लोखंड टाकू." ड्रॉपडाउनमध्ये ई२५० च्या जागी ई३५० निवडतात, एंटर मारतात आणि उत्तर येतं... १९.६ मिमी. एक दशांशही हलत नाही. सॉफ्टवेअर हँग झालंय की काय असं वाटून पुन्हा रन करणारे लोक मी पाहिलेत.

कारण ग्रेड वाढवली की लोखंड तुटायला, म्हणजे नेमकं बोलायचं तर कायमचं वाकायला जास्त भार लागतो. पण ते किती लवचीक आहे, तो यंग्ज मॉड्युलस, सगळ्या साध्या बांधकामाच्या पोलादाचा जवळजवळ सारखाच. आयएस ८०० तो दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिमी धरतं, ग्रेड कुठलीही असो. वाकणं कमी करायचं तर आकार बदला. आयएसएमबी ३५० टाकला तर वजन मीटरला ८ किलोच वाढतं आणि वाकणं १९.६ वरून १२.४ मिमीवर येतं. एका तुळईमागे पन्नासेक किलो लोखंड, बास. महागडी ग्रेड मागवून ते होत नाही.

आणखी एक. दोन वेगळे ड्रॉपडाउन दिले की आपण धरून चालतो की सेक्शन आणि मटेरियल ही दोन स्वतंत्र माणसं आहेत. तशी ती नाहीत. आयएस २०६२ मधल्या ई२५० ची यील्ड स्ट्रेंग्थ २५० असते ती २० मिमीपर्यंतच्या जाडीला. २० ते ४० मध्ये ती २४० धरायची, त्याच्याही वर २३०. जाड प्लेट रोलमधून कमी वेळा दाबून निघते, हळू थंड होते, म्हणून. म्हणजे 'ई२५०' ही मटेरियलची ओळ सेक्शनची जाडी बघितल्याशिवाय पुरी होतच नाही. डेटाबेसवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं नीट नॉर्मलाइज केलीत असं वाटत असतानाच मध्ये एक अदृश्य फॉरिन की निघते. माझ्या प्लगइनमध्ये पहिला निर्णय याच कारणाने घेतला, की यील्ड स्ट्रेंग्थ मटेरियलच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवायचीच नाही. सेक्शन आणि ग्रेड दोन्ही मिळाल्यावरच ती विचारायची. कोड थोडा कुरूप झाला. चालेल.

युनिट्सबद्दल सगळे बोलतात, १९९९ मधल्या मंगळयानाची (नासाच्या, आपल्या नव्हे) गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी एकच मुद्दा सांगते. कारंबात यंग्ज मॉड्युलस किलोन्यूटन प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये भरायचा असतो. म्हणजे आपला दोन लाखांचा आकडा तिथे वीस हजार होतो. कोणी सवयीने दोन लाख भरले तर तुळई दहापट ताठ होते आणि वाकणं दहावा भाग दिसतं. उलटी चूक झाली, दोन हजार भरले, तर मॉडेल लालेलाल होतं आणि माणूस लगेच शोधायला लागतो. पण पहिल्या चुकीत सगळं हिरवंगार असतं. हिरव्या रंगाची चौकशी कोण करतो? घाईत असलेल्या माणसाला हवं तेच उत्तर मिळालेलं असतं. त्यामुळे नुसत्या 'अवैध किंमत' तपासण्या पुरत नाहीत. पोलाद म्हणताय आणि मॉड्युलस त्याच्या जवळपासही नाही, असं दिसलं की विचारायचं, मग ती चूक कुठल्याही बाजूची असो.

डिफॉल्टचंही तसंच. कारंबात रेघ दिली आणि सेक्शन दिलाच नाही, तरी ती चालते. तो आपला ११४ मिमी व्यासाचा, ४ मिमी जाडीचा पोलादी पाइप धरून पुढे जातो. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं आहे, पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी हललेलं दिसतं. पण तीनशे रेघांच्या मॉडेलमध्ये चार रेघांची नावं जुळली नाहीत, आणि त्या चार जागी पाइप बसला, तर ते शोधायचं कोणी? कारंबावाल्यांना दोष देत नाही, त्यांचं गिऱ्हाईक डिझाइनच्या सुरुवातीला चाचपडणारं असतं. माझ्या प्लगइनमध्ये मात्र डिफॉल्ट नाही. सेक्शन नाही तर उत्तर नाही. एका आर्किटेक्ट मैत्रिणीने वापरून बघितलं आणि "हे फार खडूस आहे" असा शेरा दिला. तो मी प्रशंसा म्हणून घेतला.

याच मैत्रिणीमुळे नावांचा घोळही कळला. तिच्या मॉडेलमध्ये एचइए ३०० होता. युरोपातला रुंद पायाचा आय सेक्शन, ट्युटोरियलमध्ये तोच असतो म्हणून आलेला. फॅब्रिकेटरने ड्रॉइंग बघून विचारलं, "मॅडम, तीनशेचा ना? आपला तीनशेचा टाकतो की." ऐकायला किती सोपं! पण एचइए ३०० मधले ३०० हे उंचीचे नाहीतच. उंची २९० आहे, रुंदी ३००. वजन मीटरला ८८ किलो, आपल्या तीनशेच्या बरोबर दुप्पट. उभ्या दिशेला तो आयएसएमबी ३०० च्या दुपटीहून ताठ, आणि आडव्या दिशेला जवळपास चौदापट. खांब म्हणून वापरलेला एचइए ३०० काढून आयएसएमबी ३०० टाकणं म्हणजे दाराला लावलेली अडसराची दांडी काढून तिथे झाडूची काडी लावण्यासारखं आहे. नशिबाने तिने मला फोन केला. फॅब्रिकेटरचीही काही चूक म्हणता येत नाही, त्याच्या यार्डात 'तीनशे' या नावाची एकच गोष्ट असते. तेव्हापासून माझ्या प्लगइनमध्ये नावापुढे उंची, रुंदी आणि मीटरचं वजन छापलं जातं. वजन मुद्दाम, कारण लोखंड किलोवर विकलं जातं आणि किलोचा फरक दुकानदाराच्या, फॅब्रिकेटरच्या, मालकाच्या, सगळ्यांच्या नजरेत भरतो.

काँक्रीटमध्ये हाच नावांचा घोळ जास्त खोल आहे. आपण एम२५ म्हणतो तेव्हा १५० मिमीचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून आलेली ताकद असते. युरोपात ठोकळ्यासोबत नळकांडंही दाबतात, १५० मिमी व्यासाचं, ३०० उंचीचं. ते उंच असल्यामुळे लवकर फुटतं. म्हणून त्यांच्या नावात दोन आकडे, सी२०/२५, म्हणजे नळकांड्याचे २० आणि ठोकळ्याचे २५. आपला एम२५ हा त्यांचा सी२०/२५. पण ड्रॉपडाउनमध्ये 'सी२५/३०' दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, पंचवीस दिसले ना! (आणि त्याच यादीत खाली सी२४ असतं, ते तर लाकूड आहे. त्यातले २४ वाकण्यातल्या ताकदीचे.)

एवढं सांभाळून बरोबर सी२०/२५ निवडलं तरी गंमत संपत नाही. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे एम२५ चा मॉड्युलस २५,००० न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. युरोकोडप्रमाणे त्याच काँक्रीटचा ३०,०००. आपल्याच १९७८ च्या आवृत्तीतलं सूत्र लावलं तर २८,५००. काँक्रीट एकच, मिक्सर एकच, मुकादमही तोच. त्यात काँक्रीट वर्षानुवर्षं भाराखाली हळूहळू चेपत जातं, तो परिणाम धरला तर हाच आकडा दहा हजारांच्याही खाली येतो. आणि भूकंपाच्या गणितासाठी आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीने सांगितलं की काँक्रीटच्या तुळईला भेगा पडणारच, तेव्हा तिच्या मोमेंट ऑफ इनर्शियाचा ३५ टक्केच धरा, खांबाचा ७० टक्के. म्हणजे आपण ज्याला 'मटेरियलचा गुणधर्म' म्हणून एका कप्प्यात एक आकडा भरतो, तो खरं तर एक प्रश्न आहे. कधी? कशासाठी? पहिल्या दिवशी की दहा वर्षांनी? ड्रॉपडाउनला हे विचारता येत नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढं काय, फॅक्टर ऑफ सेफ्टी असतोच की. त्यांच्यासाठी हार्टफर्डची गोष्ट.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड शहर आहे. तिथल्या सिव्हिक सेंटरच्या स्टेडियमवर सत्तरच्या दशकात एक मोठं छत बांधलं, साधारण ९१ बाय ११० मीटर, पोलादी दांड्यांची त्रिमितीय जाळी, आणि तोललेली फक्त चार खांबांवर. त्या काळात असलं गणित हाताने करणं अशक्य. कॉम्प्युटर वापरला, लोखंडाची बचत झाली, सगळे खूश. जाळीतल्या वरच्या दांड्यांसाठी सेक्शन निवडला तो चार अँगल पाठीला पाठ लावून केलेला, अधिकच्या चिन्हासारखा. आता फूटपट्टीची गोष्ट आठवा. माल मध्यापासून जितका लांब, तितका वाकायला विरोध. अधिकच्या चिन्हात माल मध्याशीच गोळा झालेला. तेवढ्याच वजनाचा पाइप किंवा आय सेक्शन दाबाखाली पुष्कळ जास्त टिकला असता. त्यात हा आकार पिळालाही अगदी कमजोर.

जाळी जमिनीवर जोडून मग वर उचलायची होती. जमिनीवर असतानाच ती अपेक्षेच्या दुप्पट वाकलेली दिसली. इंजिनिअर्सना कळवलं. त्यांचं म्हणणं पडलं की गणित आणि प्रत्यक्ष यांत असा फरक पडायचाच. छत वर चढलं.

१८ जानेवारी १९७८ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमाराला, बर्फाच्या भाराखाली ते अख्खं छत खाली आलं. आदल्या संध्याकाळी तिथे बास्केटबॉलची मॅच होती. सुमारे पाच हजार प्रेक्षक होते. सगळे घरी गेले होते, एकही माणूस दगावला नाही. मधले तास काढून टाका आणि विचार करा...

नंतरच्या चौकशांचं एकमत झालं नाही. एका चौकशीत निघालं की कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये वरच्या दांड्यांना मधोमध आधार धरला होता, पण बांधताना जोड असे केले की बऱ्याच दांड्यांना तो आधार नीट मिळतच नव्हता. छताचं स्वतःचं वजनही वीस टक्क्यांहून कमी धरलेलं निघालं. दुसऱ्या चौकशीने बोट ठेवलं ते त्या अधिकच्या आकारावर, की दांड्या वाकून नाही तर पिळून गेल्या. कुठलंही खरं धरा, मुद्दा तोच राहतो. समीकरणं बरोबर होती. रेघेच्या खिशातले आकडे आणि रेघेला धरलेले आधार, तिथे घात झाला.

हे वाचून मी कारंबाची एक सोय पुन्हा तपासली. दाबाखालच्या दांडीची बकलिंगची लांबी तो आपोआप काढतो. दांडीवरून दोन्ही बाजूंना चालत जायचं आणि जिथे दोनपेक्षा जास्त सदस्य एकत्र येतात तिथे थांबायचं, तेवढी लांबी. म्हणजे वाटेत कुठलीही काडी येऊन टेकली की तो तिथे आधार धरतो. ती काडी खरंच अडवते आहे की स्वतःच लोंबकळते आहे, हे रेघांवरून कसं कळणार? लांबी हाताने देण्याची सोय आहे, ती वापरावी. माझ्या प्लगइनने आता ही आपोआप धरलेली लांबी प्रत्येक दांडीवर लिहून दाखवायची असं ठरवलंय. मॉडेल घाणेरडं दिसतं. दिसू दे.

पिळाचा विषय निघालाच आहे तर ड्रॉइंगच्या कागदाची सुरळी करून बघा. कडा नुसत्या एकमेकींवर आणून पिळा, काहीच जोर लागत नाही. मग कड सेलोटेपने चिकटवून पिळा. एकदम काठी होते! लोखंडातही हेच. तो कारंबाचा ११४ मिमीचा पाइप उभा चिरला, तर वजन तेच, वाकण्याला विरोध जवळपास तोच, पण पिळाला विरोध साधारण पावणेसहाशे पटींनी घसरतो. आणि तक्त्यात दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवल्या तर सहा आकड्यांपैकी पाच सारखे. सहावा कोणी वाचत नाही.

तर प्लगइनची सध्याची स्थिती अशी. आयएसएमबी झालेत, अँगल झालेत, चौकोनी पाइप झालेत. तक्त्याच्या ओळी मी हाताने टाइप केल्या आणि मग प्रत्येक ओळीसाठी जाडी-रुंदीवरून क्षेत्रफळ, त्यावरून वजन (पोलाद घनमीटरला ७८५० किलो) काढून छापील आकड्याशी ताडून पाहिलं. जिथे फरक दिसतो तिथे प्लगइन ती ओळ उघडतच नाही. आयएस ८०८ ची २०२१ ची आवृत्ती आणि जुनं हँडबुक यांत सगळे आकडे सारखे नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीला आवृत्तीचं साल चिकटवलंय.

सी चॅनेल मात्र अडून बसलाय. त्याचा शिअर सेंटर लोखंडाच्या बाहेर, पाठीमागे हवेत असतो. भार नेमका तिथून गेला नाही तर चॅनेल वाकता वाकता पिळतो. आणि ही सगळी सॉफ्टवेअरं रेघ धरतात ती गुरुत्वमध्यातून. म्हणजे पिळाचा भार कोणीतरी वेगळा मोजून द्यायला हवा. जिन्याच्या बाजूचे चॅनेल, पत्र्याच्या शेडचे चॅनेल, आपल्याकडे जिकडे तिकडे तोच वापरतात, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणूनही चालत नाही. तूर्तास चॅनेल निवडला की एक पिवळी पट्टी येते आणि विचारते, भार पाठीवर आहे की पंखावर? उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. मैत्रिणीचा शेरा अजून आलेला नाही.